रोबोटचा सिरियल पोर्ट दिसताक्षणी नाहीसा होतो तेव्हा : माझा अनुभव

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दोन मोटारींवर चालणारा एक छोटा रोबोट आहे. त्याला चालवणाऱ्या ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर बोर्डावरचे फर्मवेअर, म्हणजे बोर्डात साठवलेला प्रोग्रॅम, बदलायचे आणि चाकांची मापे नव्याने भरायची, एवढेच काम होते. नवी फाइल विनासायास तयार झाली; मात्र यूएसबी केबल जोडल्यावर उबुंटू २२.०४ असलेल्या लॅपटॉपवर रोबोटचा सिरियल पोर्ट, म्हणजे ज्यातून संगणक बोर्डाशी बोलतो तो दुवा, काही केल्या सापडेना.

बोर्डासोबत आलेल्या सूचनापत्रकात या टप्प्याविषयी एकच वाक्य आहे : 'पोर्ट निवडा आणि अपलोड करा.' माणूस जिथे हमखास अडकतो तिथेच पत्रक मौन धरते, याचा राग मला अजूनही आहे. ज्यांना विचारले त्यांनी केबल बदलण्यापासून नवा बोर्ड मागवण्यापर्यंत सगळे उपाय सुचवले. केबलची शंका रास्त होती, कारण केवळ चार्जिंगपुरत्या तारा असलेल्या केबली बाजारात सर्रास मिळतात. पण जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारा एलएसयूएसबी हा आदेश दिल्यावर यादीत १ए८६:७५२३ हा क्रमांक स्पष्ट दिसत होता आणि तो बोर्डावरच्या, यूएसबीचे सिरियलमध्ये रूपांतर करणाऱ्या सीएच३४० या चिपचा आहे. म्हणजे केबलमधून माहिती येत होती, चिप शाबूत होती आणि तिचा ड्रायव्हर तर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे उबुंटूच्या गाभ्यात, आधीपासूनच असतो. तरीही अशा पोर्टला लिनक्स देते ते टीटीवाययूएसबी० हे नाव कुठेच नव्हते.

उत्तर कर्नलच्या नोंदींत होते. त्या दाखवणाऱ्या डीमेसेज या आदेशाच्या नोंदी समोर ठेवून केबल काढून पुन्हा जोडली, तेव्हा पोर्ट तयार झाल्याची ओळ उमटली. तिच्याखाली बीआरएलटीटीवाय नावाच्या प्रोग्रॅमचा उल्लेख आला आणि लगेच पोर्ट सुटल्याची नोंद झाली. हा प्रोग्रॅम दृष्टिहीन व्यक्तींच्या ब्रेल उपकरणांवर संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर पोचवतो. एका ब्रेल वाचनयंत्राचा यूएसबी क्रमांकही १ए८६:७५२३ हाच असल्यामुळे, रोबोट जोडताच ते ब्रेल उपकरण आहे असे समजून हा प्रोग्रॅम त्याचा ताबा घेत होता. रोबोटमध्ये बिघाड नव्हताच, आणि नवा बोर्ड मागवला असता तरी त्यावर हीच चिप असती तर हेच घडले असते.

यावर सर्वत्र दिला जाणारा सल्ला म्हणजे तो प्रोग्रॅमच काढून टाका. स्वतःच्या लॅपटॉपवर ते खुशाल करावे. परंतु प्रयोगशाळेतल्या सामायिक संगणकावर उद्या एखादा दृष्टिहीन विद्यार्थी बसणार असेल, तर आपल्या सोयीसाठी त्याचे वाचन बंद पाडण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे माझे ठाम मत आहे. उपकरण जोडल्यावर काय करायचे ते ठरवणाऱ्या यूडेव्ह या लिनक्सच्या यंत्रणेच्या नियमांपैकी '८५-बीआरएलटीटीवाय' ही फाइल मी ईटीसी या सेटिंगांच्या फोल्डरमधल्या यूडेव्हच्या नियमांच्या फोल्डरमध्ये त्याच नावाने उतरवून घेतली, तिच्यातली १ए८६:७५२३ ची एवढी ओळ निष्क्रिय केली आणि नियम पुन्हा वाचायला लावले. ईटीसीतली फाइल मूळ फाइलवर मात करते, त्यामुळे पुढच्या अद्ययावतीकरणातही हा बदल टिकतो आणि इतर ब्रेल उपकरणे पूर्ववत चालतात. मात्र हाच क्रमांक असलेले ब्रेल यंत्र तिथे कोणी वापरते का, हे आधी विचारून घ्यावे. केबल पुन्हा जोडली आणि पोर्ट टिकला, तेव्हा खरोखर हायसे वाटले.

परवानगी नाकारल्याचा संदेश आल्यास स्वतःचे नाव सिरियल पोर्ट वापरू शकणाऱ्यांच्या डायलआउट गटात घालून लॉगआउट करावे व पुन्हा लॉगइन करावे. बोर्डावर फर्मवेअर लिहिणारे ईएसपीटूल नुसतेच ठिपके उमटवत राहिले, तर जोडणी होईपर्यंत बोर्डावरचे बूट बटण दाबून धरावे.

हे सगळे करण्यापूर्वीच सांगायला हवे होते, ते असे की रोबोट ठोकळ्यावर ठेवून चाके अधांतरी करावीत आणि मोटारींची बॅटरी काढावी. फर्मवेअर लिहिले जात असताना मोटारींच्या पिनांवर प्रोग्रॅमचा ताबा नसतो.

बोर्डाची संपूर्ण फ्लॅश, म्हणजे कायमस्वरूपी मेमरी, पुसू नये. चाकांची मापे आणि पीआयडी या नियंत्रणपद्धतीचे गुणांक फ्लॅशमधल्या एनव्हीएस या, सेटिंगे जपणाऱ्या विभागात साठवलेले असतील, तर तेही त्याबरोबर जातात. आमच्या बोर्डावर मुख्य प्रोग्रॅम ०एक्स१०००० या पत्त्यापासून सुरू होतो. मी तेवढाच भाग लिहिला आणि जुनी मापे तुलनेसाठी हाताशी राहिली.

मापे भरताना सिरियल मॉनिटरचा, म्हणजे बोर्डाशी मजकुरातून बोलण्याच्या खिडकीचा, वेग ११५२०० ठेवला. मॉनिटर उघडताच अनेक बोर्ड रीसेट होतात, म्हणून बदललेली मूल्ये जतन करण्याचा आदेश दिल्याशिवाय तो बंद करू नये. चाकाचा व्यास ६५ मिलिमीटर भरला होता, पण २ मीटर जायला सांगितल्यावर रोबोट १.९६ मीटरच गेला, म्हणून त्याच प्रमाणात व्यास ६३.७ केला. दोन चाकांमधले अंतर त्यानंतरच ठरवावे, कारण व्यास चुकीचा असताना जागेवर वळण्याची चाचणी घेतली तर ती चूक अंतराच्या आकड्यात लपून बसते. रोबोट सांगितल्यापेक्षा कमी वळत असेल तर अंतराचा आकडा वाढवावा, जास्त वळत असेल तर कमी करावा.