आज पहिल्यांदा रायफल हातात घेतली 😅
आर्क्टिकमध्ये, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ऑलसुंडला येऊन चार दिवस झाले, आज शूटिंग ट्रेनिंग. आपल्या हिमाद्री या भारतीय संशोधन स्टेशनवर काम करायचं म्हणजे वस्तीबाहेर पडताना ध्रुवीय अस्वल हाकलायचं साधन जवळ पाहिजेच, कायदाच आहे तसा. मला वाटलेलं रायफल मेन, पण नाही, आधी फ्लेअर गन (मोठ्या आवाजाचा, उजेडाचा बार उडवून घाबरवणारी), आणि तो बार अस्वलाच्या अलीकडे फुटला पाहिजे, मागे फुटला तर ते दचकून आपल्याच दिशेने पळत येणार!! माझे पहिले दोन कुठे गेले विचारू नका. 1973 पासून शिकारबंदी, त्यामुळे गोळी अगदीच शेवटी. पॉइंट 308 ची रायफल, मॅगझिन भरलेलं पण चेंबर (गोळी झाडायच्या आधी जिथे बसते ती जागा) रिकामं ठेवून फिरायचं. खांदा जाम दुखतोय. दिवाळीत सुतळी बॉम्ब लांबून बघणारा मी! आईला फोनवर फक्त थंडी आहे एवढंच सांगितलंय.