ॲक्सेस पॉइंट हिरवा दिसतो, पण नेट चालत नाही

दापोली, गुहागर, तारकर्ली, वेंगुर्ले इथल्या होमस्टेंमध्ये चार-सहा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारी उपकरणं), एक पीओई स्विच (डेटाच्याच केबलमधून वीजही पुरवणारी पेटी) आणि मोबाइलवर उघडणारा डॅशबोर्ड ही मांडणी आता सरसकट दिसते. पाहुण्याने तक्रार केली की बहुतेक जण डॅशबोर्डवर थेट वाय-फायच्या पानावर जातात आणि चॅनल बदलत बसतात. किनाऱ्यावर याच्या उलट जावं. आधी स्विचचं पोर्ट, मग केबल आणि रेडिओ, म्हणजे वाय-फायचा सिग्नल, सगळ्यात शेवटी. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस पहिला घाव घालतो तो जॅकमधल्या तांब्यावर, आणि ते वाय-फायच्या पानावर कधीच दिसत नाही.

पोर्टच्या पानावर पहिल्यांदा लिंकचा, म्हणजे स्विच आणि ॲक्सेस पॉइंटमधल्या जोडणीचा, वेग बघा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात: १, २, ३ आणि ६ या पिना. म्हणजे ४, ५, ७ किंवा ८ यांपैकी एक पिन जरी गंजली तरी लिंक तुटत नाही, गुपचूप १०० वर उतरते. ॲक्सेस पॉइंट हिरवाच राहतो, सिग्नल पूर्ण दिसतो, आणि तीनशे एमबीपीएसचा प्लॅन असून वेग नव्वद-पंच्याण्णवच्या वर सरकत नाही. गिगाबिट पोर्टवर १०० दिसलं की चॅनलला हात न लावता जॅक तपासायला जावं. दुसरा आकडा एररचा. सीआरसी किंवा आरएक्स एरर (वाटेत बिघडून पोचलेल्या डेटाची मोजणी) तासागणिक वाढत असतील, विशेषतः पाऊस लागल्यावर, तर जोडणीत ओल शिरलेली आहे.

पीओईच्या केबलमध्ये जॅक लवकर का खराब होतो, तर तिच्यात पन्नासेक व्होल्टचा डीसी दाब कायम असतो. खारट ओल आणि डीसी एकत्र आले की पिनांवर हिरवट थर चढायला वेळ लागत नाही. असा जॅक पुसून परत लावू नका. केबल मागे कापत जा, आतली तार लखलखीत दिसेपर्यंत. कधीकधी फूटभर कापावी लागते, कारण ओल वेष्टनाच्या आतून वर चढते. नवीन जॅक क्रिम्प करून पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल अडवणारं, वीज न वाहणारं) लावा. पेटीत केबल नेहमी खालून शिरवा आणि शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी वळशाच्या टोकावरून टपकून जातं.

केबल कापलीच आहे तर तार चाकूने खरवडून बघा. आत चांदीसारखा रंग निघाला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल आहे. वाडीतून साठ-सत्तर मीटर ओढलेली अशी केबल पीओईला चालत नाही, तिच्यात व्होल्टेज फार पडतं. दिवसा सगळं ठीक आणि रात्री पाहुणे जमले की ॲक्सेस पॉइंट रीस्टार्ट, हे त्याचं लक्षण: गर्दी वाढली की तो वीज जास्त ओढतो. एएफ प्रकारचा (८०२.३एएफ) पीओई पोर्ट १५.४ वॅट सोडतो आणि शंभर मीटरच्या टोकाला १२.९५ वॅटची हमी असते, तीही शुद्ध तांब्याची केबल धरून. स्विचचं एकूण विजेचं बजेटही पोर्टच्या पानावरच बघून घ्या. आठ पीओई पोर्ट आहेत म्हणजे आठही एकदम भरता येतात असं नसतं.

यानंतर अपटाइम, म्हणजे उपकरण सलग किती वेळ चालू आहे ते. हा आकडा फार बोलका आहे आणि फार कमी जण तो वाचतात. सगळ्या ॲक्सेस पॉइंटचा अपटाइम सारखाच कमी असेल तर लाइट गेली होती. एकाचाच कमी असेल तर त्याची केबल, पोर्ट किंवा तो स्वतः. आणि अपटाइम वीस दिवसांचा असूनही तोच दिवसातून चारदा ‘डिस्कनेक्टेड’ होत असेल तर त्याची वीज गेलेलीच नाही. मधली लिंक किंवा कंट्रोलर (सगळ्या ॲक्सेस पॉइंटना सांभाळणारी यंत्रणा) अडतोय. इथे एक लक्षात ठेवा. ‘डिस्कनेक्टेड’ म्हणजे वाय-फाय बंद, असं नाही. कंट्रोलरशी बोलणं तुटलं तरी ॲक्सेस पॉइंट आपलं काम करत राहतो; अडतं ते गेस्ट पोर्टलसारखं (पाहुण्यांच्या लॉगिनचं पान) काम. म्हणून रीसेट करण्याआधी त्याच्याखाली उभं राहून मोबाइल जोडून बघा.

याच्या उलटा फसवा प्रकार मेशचा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट एकमेकांना वायरलेसने जोडायच्या सोयीचा. केबलमधून वीज जाते पण डेटा जात नाही, अशा वेळी मेश चालू असेल तर ॲक्सेस पॉइंट शेजाऱ्याला वायरलेसने धरतो आणि हिरवा दिसतो. वेग मात्र निम्म्यावर किंवा त्याहून खाली. अपलिंक (नेटकडे जाणारी जोडणी) ‘वायर्ड’ आहे की ‘वायरलेस’ ते प्रत्येकाच्या पानावर वाचा. सगळ्यांना केबल असेल तर मेश बंदच ठेवावं, म्हणजे बिघाड लपत नाही.

लाइट आल्यावर राउटर उठायच्या आधी ॲक्सेस पॉइंट उठला तर त्याला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळत नाही आणि तो आपल्या ठरलेल्या पत्त्यावर जाऊन बसतो: युनिफाय ब्रँडचा १९२.१६८.१.२०, ओमाडा ब्रँडचा १९२.१६८.०.२५४. स्विचवर त्या पोर्टचं ‘पॉवर सायकल’ दाबा, शिडी न लावता तो रीस्टार्ट होतो. कायमचा उपाय म्हणजे फायबरचा ओएनटी (बाहेरून येणारी फायबर जिला जोडतात ती पेटी), राउटर आणि स्विच तिन्ही एकाच यूपीएसवर.

एवढं नीट असेल तरच रेडिओकडे वळा. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत जाड असते, आणि पावसात ती पाणी धरते. मे महिन्यात माजघरापर्यंत पोचणारा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जुलैत पडवीतच अडतो. पॉवर ‘हाय’ करून फायदा नाही, कारण मोबाइलचा आवाज तेवढाच क्षीण राहतो. काड्या भरलेल्या दिसतात आणि पान उघडत नाही. खोलीत मोबाइलचा वाय-फाय सिग्नल −६७ डीबीएमच्या (सिग्नल मोजायचं एकक, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) आसपास हवा, −७५ च्या खाली गेला तर एक ॲक्सेस पॉइंट वाढवा. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनल १, ६, ११ एवढेच.

आपोआप चॅनल निवडणारी सोय पहाटेच्या वेळेला लावा, पण ५ गिगाहर्ट्झचे ५२ ते १४४ हे चॅनल तिच्या यादीतून काढून टाका. तिथे रडारची चाहूल लागली की चॅनल सोडावा लागतो आणि अर्धा तास परत येता येत नाही. हवामानाची काही रडारं ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, म्हणजे १२० ते १२८ या चॅनलांवरच. ट्रॉलरवरच्या रडारला मात्र बोल लावू नये, ती ९ किंवा ३ गिगाहर्ट्झवर असतात. ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ एवढ्यात चार-सहा ॲक्सेस पॉइंट आरामात बसतात.

गणपतीत चाकरमानी आले की वेगळीच तक्रार येते: ‘वाय-फाय जोडलं जातं, पण आयपी मिळत नाही.’ डॅशबोर्डवर डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सोय) टाइमआउट दिसेल. पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा) पन्नास पत्त्यांचा आणि लीज (एकाला पत्ता राखून ठेवायची मुदत) चोवीस तासांची असेल तर सकाळी गेलेल्या माणसाचा पत्ता रात्रीपर्यंत अडकून राहतो. पाहुण्यांच्या नेटवर्कची लीज दोन तासांवर आणा, पूल दोनशेपर्यंत वाढवा.

ही सगळी तुलना करायला आधीचे आकडे हवेत. ते आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या तयारीच्या) कामांबरोबरच घ्या: मेअखेरीस प्रत्येक पोर्टचा लिंकचा वेग, वॅट आणि एरर यांचा स्क्रीनशॉट, आणि पोर्ट क्रमांकापुढे खोलीचं नाव. ऑफलाइनच्या अलर्टला पाच मिनिटांचा विलंब द्या, नाहीतर लाइट लुकलुकली की मोबाइल वाजत राहतो आणि खरा अलर्ट त्यात हरवतो. बाहेरून येणाऱ्या केबलला दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर बसवा आणि त्याची अर्थिंगची तार खरोखर अर्थिंगला जोडलेली आहे का ते हात लावून बघा. पुष्कळ ठिकाणी ती नुसती लोंबत असते.