बाइंडिंग वायर आणि पॉलिश पेपर

नाशिक, १७ ऑक्टोबर २०२५, वसुबारस

दिवाळीपूर्वीची झाडलोट करताना आज दुकानाच्या वरच्या फळीवरून उधारीच्या जुन्या वह्या खाली काढल्या. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा व्हायची आणि जुन्या वह्या पोत्यात जायच्या, हा सासऱ्यांच्या वेळचा शिरस्ता. पण २०१५ ते २०१८ या चार वर्षांच्या वह्या मी कधीच रद्दीत घातल्या नाहीत. त्यांतल्या बऱ्याच रकमा आता वसूल होणार नाहीत, हे ठाऊक असूनही त्या जपल्या, कारण आमच्या भागातले बांधकाम कसे थांबत गेले आणि त्यात कोणाचे हात केव्हा रिकामे झाले, याची तारीखवार नोंद माझ्यापाशी तेवढीच आहे.

आमचे दुकान हार्डवेअरचे आहे. सिमेंट आणि सळई आम्ही ठेवत नाही. परंतु खिळे, बाइंडिंग वायर, घमेली आणि थाप्यांपासून पाइप, नळ, वायरी, लांबी (म्हणजे रंगाआधी भिंतीला लावायची पुट्टी) आणि ती घासायच्या पॉलिश पेपरपर्यंत बाकी बहुतेक सगळे मिळते. यजमान बाहेरच्या ऑर्डरी पाहतात आणि गेली बावीस वर्षे काउंटरवर मी बसते. त्यामुळे बिल्डर लोक मला फारसे ठाऊक नाहीत. ठाऊक आहेत ती सकाळी साडेआठला शटर अर्धे वर असतानाच खाली वाकून "काकू, दोन किलो वायर द्या, गाडी उभी आहे" म्हणणारी माणसे. मंदी वर्तमानपत्रात एकदम येते. दुकानात मात्र ती फळीफळीने येते, आणि हे कळायला मला या चार वह्या भरेपर्यंत वेळ लागला.

इमारत ज्या क्रमाने उभी राहते, त्याच क्रमाने ती माणसांना कामावरून उतरवते. नवीन खोदाया थांबल्या की सर्वांत आधी बाइंडिंग वायर आणि सेंटरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याचे, खिळे खपेनासे होतात, कारण फुटिंग, कॉलम आणि स्लॅबच नसतील तर फिटरने सळई बांधायची कशाला? त्या वेळी गवंडी आणि प्लास्टरवाले मात्र भरात असतात, कारण आधीच्या इमारतींचे सांगाडे उभे असतात. त्यांच्या थाप्या आणि घमेली थांबतात तेव्हा फरशीवाला, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांना दम खायला वेळ नसतो. अगदी शेवटी पॉलिश पेपर थांबतो. आमच्याकडच्या सात मजली इमारतीला पायापासून रंगापर्यंत दोन-अडीच वर्षे लागतात, म्हणजे पायाजवळचा माणूस घरी बसल्यानंतर रंगाऱ्याला त्याची झळ लागायला तेवढाच काळ जातो. दोघे एकाच टपरीवर चहा पितात. पण एकाचे वर्ष दुसऱ्याच्या वर्षाशी जुळत नाही.

२०१५ च्या वहीत हा क्रम नाशिकच्या बाबतीत स्वच्छ दिसतो. शहराच्या कचऱ्याचे खत करणाऱ्या प्रकल्पाच्या दुरवस्थेवरून राष्ट्रीय हरित लवादाने त्या वर्षी नव्या बांधकाम परवानग्यांवर निर्बंध आणले. त्याच सुमारास कपाटांचा प्रश्न पेटला. बाहेरच्या लोकांना हे सांगितले की हसू येते, परंतु येथे "कपाट" हा शब्द कित्येक वर्षे हसण्यासारखा राहिला नव्हता. नकाशात चटईक्षेत्रातून, म्हणजे बांधायला मंजूर असलेल्या क्षेत्रफळाच्या मोजणीतून, सूट मिळालेले कपाट दाखवायचे आणि प्रत्यक्षात मधली भिंत न बांधता ती जागा खोलीत घ्यायची, असा प्रकार शहरभर झाला होता. त्यावर कडक धोरण आल्यानंतर अशा इमारतींना पूर्णत्वाचा दाखला मिळेनासा झाला. हजारो सदनिका बांधून तयार असूनही कागदावर अपूर्ण राहिल्या. नियम मोडले गेले होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र नकाशा काढणारा, तो मंजूर करून घेणारा आणि जागा विकणारा यांपैकी कोणीही माझ्या उधारीच्या वहीत नाही.

वहीत आहेत ते सेंटरिंगवाले मामा. पेठ तालुक्यातल्या आपल्या वाडीवरून आणि शेजारच्या सुरगाण्याहून बारा-चौदा माणसे आणून ते स्लॅबची कामे अंगावर घेत. दर आठवड्याला त्यांच्या नावावर वायरचे एक बंडल आणि खिळ्यांची पेटी असायचीच. २०१६ च्या पावसाळ्यात माणसे भातलावणीला गावी गेली, ती नेहमीप्रमाणे परतली आणि काम नाही म्हणून आठ दिवसांत पुन्हा गेली. त्यांतली निम्मी दिंडोरीच्या द्राक्षबागांवर ऑक्टोबर छाटणीला लागली. त्या हंगामात आमची वायर थोडीफार खपली ती बागायतदारांकडे, मांडवाच्या तारा ओढून बांधायला. स्लॅबची सळई बांधणारे हात वेली बांधू लागले, आणि त्यांना लागणारी वस्तू मात्र तीच राहिली.

मामांनी आठ महिने तग धरला. मग एके दिवशी टेम्पोत आपल्या लोखंडी प्लेटा आणि जॅक भरून ते दुकानासमोरून गेले. भंगारवाल्याने सगळे वजनावर घेतले. मंदीमुळे मजुरी बुडते, हे सगळे बोलतात. मला मात्र त्या टेम्पोचा विसर पडत नाही, कारण मजुरी बुडाली तर ती पुन्हा मिळवता येते, पण दहा-बारा वर्षांत एकेक करून जमवलेल्या प्लेटा एका दुपारीत गेल्या की माणूस ठेकेदाराचा पुन्हा मजूर होतो. तीन वर्षांनी कामे परतली तेव्हा मामा आले खरे, पण दुसऱ्याच्या प्लेटांवर, हजेरीने.

त्याच २०१६ सालच्या दिवाळीत आमच्या पेंटरच्या नावावर लांबीच्या पन्नास गोण्या आहेत! जुन्या इमारतींचे रंगकाम जोरात होते आणि त्यांनी नवी मोटारसायकलही घेतली होती. दिवाळी उलटून आठवडा होतो न होतो, तोच ८ नोव्हेंबरला रात्री नोटाबंदी जाहीर झाली. बांधकामावरचा हिशेब पूर्ण होतो तो महिन्या-दोन महिन्यांनी. दर आठवड्याला मिळते ती खर्ची, आणि ती रोख असते. चालू खात्यातून आठवड्याला पन्नास हजार आणि बचत खात्यातून चोवीस हजार एवढीच रक्कम निघत असताना पन्नास माणसांची खर्ची कशी वाटायची, याचे उत्तर कोणत्याच ठेकेदाराजवळ नव्हते. एका साइटवर तर मजुरांना पुढच्या काही आठवड्यांचे पैसे जुन्या पाचशेच्या नोटांत आगाऊ दिले गेले, आणि ती माणसे कामाचे खाडे करून बँकेपुढे रांगेत उभी राहिली. माझ्या वहीत त्या महिन्यात उजव्या बाजूला, म्हणजे जमेच्या रकान्यात, सलग चार पाने कोरी आहेत.

पुढे १ मे २०१७ पासून राज्यात महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाचा, कारभार सुरू झाला आणि १ जुलैपासून जीएसटी आला. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावी लागणे, ही गोष्ट माझ्या मते फार पूर्वीच व्हायला हवी होती. परंतु एका साइटचे पैसे दुसरीकडे फिरवून जी गाडी चालत असे ती अडखळली, आणि अडखळताना सर्वांत मागच्या डब्यातली माणसे पडली. बिल्डरकडून ठेकेदार, ठेकेदाराकडून पोटठेकेदार, पोटठेकेदाराकडून मिस्त्री आणि मिस्त्रीकडून बिगारी, अशी पैशाची उतरंड असते. त्यात वरचे मडके हलले की तळाच्याला तडा जातो. सिमेंटवरचा २८ टक्के कर गेल्या महिन्यात १८ वर आला म्हणून यजमान परवा आनंदात होते. मी त्यांना सांगितले की करकपातीचा पैसा वरून खाली उतरेपर्यंत वाटेत बरीच घरे लागतात.

आमच्या प्लंबरची गोष्ट तर कपाटाशीच बांधलेली आहे. कामाच्या प्रत्येक बिलातून काही टक्के रक्कम अनामत म्हणून कापून ठेवतात आणि इमारत पूर्ण झाली की परत देतात, अशी येथली पद्धत. त्यांच्या तीन इमारती पूर्ण झाल्या, लोक राहायलाही आले, नळाला पाणीही आले. पण पूर्णत्वाचा दाखला नव्हता, म्हणून अनामत परत नव्हती. "काकू, माझ्या पाइपात कपाट कुठे आले?" असे त्यांनी एकदा विचारले होते, आणि मी हसले नाही. फरशीच्या एका ठेकेदाराला तर बिलापोटी सदनिकाच देऊ केली गेली. त्यांनी घेतली. दाखल्याशिवाय तिच्यावर कोणत्याही ग्राहकाला बँक कर्ज देईना, आणि ते स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहून त्या रिकाम्या सदनिकेचा देखभाल खर्च भरत राहिले.

तरीही प्लंबर टिकले. इलेक्ट्रिशियनही टिकले. त्याचे कारण मला नंतर उमगले: ज्यांचे काम राहत्या घराच्या आत शिरते, त्यांना मंदीतही दारे उघडी असतात. गळका नळ, जळालेला स्विच, फुगलेली भिंत, चिकटलेले दार या गोष्टी मंदी सरण्याची वाट पाहत नाहीत. मोठ्या साइटवरून सुटलेले सगळे जण मग याच छोट्या कामांवर तुटून पडतात आणि दर खाली येतात, हे खरे. पण चूल पेटते. सेंटरिंगवाला आणि फिटर यांना मात्र कोणाच्या घरी जाता येत नाही. नकाशा वाचून कोणत्या कॉलमला किती रिंगा, किती अंतरावर, हे तोंडपाठ सांगणाऱ्या कारागिराला गृहिणी काय काम सांगणार? म्हणून ज्यांच्या कामावर इमारतीची सगळी मजबुती उभी असते, त्यांचेच कौशल्य मंदीत सर्वांत आधी निरुपयोगी ठरते. त्यांतला एक उत्तम फिटर गेली सात वर्षे भाजीची हातगाडी चालवतो. त्याच्या जुड्या इतक्या एकसारख्या बांधलेल्या असतात, की मी कोथिंबीर त्याच्याकडूनच घेते.

हा क्रम एकदाच उलटलेला मी पाहिला. टाळेबंदीनंतर राज्य सरकारने १ सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणले, ते डिसेंबरअखेरपर्यंत. त्यामुळे विकली गेली ती मुख्यतः तयार किंवा तयार होत आलेली घरे. परिणामी सुतार, रंगारी आणि इलेक्ट्रिशियन यांना आधी काम आले, आणि पायाजवळची माणसे आणखी बराच काळ खाली बसून राहिली. उतरताना ती पहिली होती आणि चढताना शेवटची.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये नोंदणीकृत बांधकाम कामगारांच्या खात्यात शासनाने दोन हजार रुपये जमा केले. त्यासाठी इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची चालू नोंदणी हवी होती, आणि आमच्या दुकानात येणाऱ्यांपैकी फार थोड्यांकडे ती होती. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन या मंडळाचा निधी जमतो. १९९६ च्या कायद्याने केलेली ही सोय मुळात चांगली आहे. पण नोंदणीला मागच्या वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि नूतनीकरण दर वर्षी करावे लागते. म्हणजे ज्या वर्षी काम मिळत नाही, नेमके त्याच वर्षी माणूस कामगार असल्याचे सिद्ध करू शकत नाही. मामांचे कार्ड २०१७ मध्ये असेच संपले. भरभराटीत दाखला देणारे ठेकेदार पुष्कळ असतात, तेव्हा तो मागायला कोणाला सवड नसते.

हे सगळे आज लिहून ठेवावेसे वाटले, त्याला कारण आहे. यंदा मे महिन्यातच पाऊस सुरू झाला तो संपायचे नाव घेईना. खोदलेल्या पायांत पाणी साचून राहिले, आणि नवीन नारळ फुटल्याचे गेल्या काही महिन्यांत फारसे ऐकले नाही. वायरची बंडले जुलैत आणली त्या जागीच आहेत. वरच्या एकाला गंज चढू लागला आहे. मागच्या वेळी हातचे काम गेलेली माणसे द्राक्षबागांवर गेली होती. यंदा त्या पावसाने वेलींवर घडच कमी धरले, आणि काही बागायतदारांनी छाटणीनंतर मजुरांना "नंतर कळवतो" म्हणून परत पाठवले, असे मामांच्या भाच्याने परवा सांगितले. सिंहस्थाची कामे निघतील आणि त्यांत काँक्रीटचे काम असेल, अशी त्याला आशा आहे. मलाही आहे. मात्र तेथे मोठे ठेकेदार आपली माणसे घेऊन येतात, हे त्याला मी सांगितले नाही.

सायंकाळी वह्या पुसून पुन्हा फळीवर ठेवत होते, तेवढ्यात पेंटर आले. केसांवर लांबीची पांढरी धूळ, आणि चेहरा खुशीत. पाडव्याला दोन इमारतींत ताबे द्यायचे असल्याने रात्रपाळीनेही काम चालू आहे; एकशे वीस नंबरचा पॉलिश पेपर, चार पट्ट्या आणि प्रायमरचे डबे त्यांना हवे होते. मुलाने आयटीआय मध्येच सोडले आहे, दिवाळीनंतर त्याला हाताखाली घेतो, असे ते म्हणाले. मी बिल करता करता वायरच्या बंडलांकडे पाहिले आणि त्यांना एवढेच सांगितले, की तुमची मंडळाची नोंदणी या महिन्यातच करून टाका, नव्वद दिवसांचा दाखला आत्ता सहज मिळेल, आणि मुलाचे नव्वद दिवस भरले की लगेच त्याचीही.

"काकू," पॉलिश पेपरची गुंडाळी काखेत मारत ते हसले, "आत्ता वेळ कोणाला आहे?"