रोमची त्रात्तोरिया-यादी: निकषांची नवी फेरी

रोमच्या त्रात्तोरियांत, म्हणजे साध्या घरगुती खाणावळींत, संध्याकाळी निवांत जेवायचं, माणशी खर्च पस्तीस युरोंच्या आसपास ठेवायचा आणि पदार्थ रोमचेच हवेत, या तीन अटींवर ही यादी चालते. आधीच्या फेरीत पहिली चाळणी ऑनलाइन गुणांची होती. ती आता काढली आहे. मोठ्या स्मारकाशेजारी बसणारं गिऱ्हाईक सहसा एकदाच येतं आणि गुण देताना ताटाइतकंच समोरच्या चौकालाही देतं. त्याऐवजी आता आधी मेनूचा कागद पाहायचा, मग घड्याळ.

दाराबाहेर लावलेल्या मेनूत प्रथम ‘प्रीमी’, म्हणजे पास्त्याचे प्रकार मोजावेत. सहा ते दहा असले तर ठीक, पंचवीस असले तर पुढे चालावं. त्यात रोमचे चार पास्ता हवेतच. मूळ धरा ग्रीचा: ग्वांचाले (मुरवलेला डुकराचा गाल), पेकोरिनो रोमानो (मेंढीच्या दुधाचं खारट चीज) आणि काळी मिरी. त्यात टोमॅटो आला की आमात्रिचाना, अंडं आलं की कार्बोनारा. ग्वांचाले वगळलं की काचो ए पेपे.

कार्बोनाराच्या वर्णनात ‘पान्ना’, म्हणजे क्रीम दिसलं तर ती जागा यादीतून बाद. अंड्याचा बलक साधारण ६५ ते ७० अंशांना धरू लागतो, त्यापुढे त्याची भुर्जी होते. म्हणून कढई आचेवरून उतरवून, पास्त्याचं पाणी घालत तो मिसळावा लागतो. हे काम दर ताटाला हातानं करावं लागतं. क्रीम घातलं की बलक फुटत नाही, पण पेकोरिनोची धार जाते आणि चव गुळगुळीत होते. ग्वांचालेच्या जागी ‘पांचेत्ता’, म्हणजे डुकराच्या पोटाचं मुरवलेलं मांस असेल तर लगेच बाद नाही, पण एक गुण कमी.

काचो ए पेपे ही स्वयंपाकघराची खरी परीक्षा. चांगल्या ताटात सॉस दाट सायीसारखा प्रत्येक तोन्नारेल्लीला (जाड, चौकोनी शेवयांसारखा पास्ता) चिकटलेला असतो आणि ताटलीच्या तळाशी पाणी सुटलेलं नसतं. चीजच्या गुठळ्या एकीकडे आणि पांढरट पाणी दुसरीकडे दिसलं, तर चीज फार गरम पाण्यात पडलंय किंवा पाण्यात पिष्ट कमी होतं. पिष्टच चीजची प्रथिनं एकमेकांना चिकटू देत नाही. भरपूर पाण्यात थोडा पास्ता उकळला की पिष्ट पातळ होतं, म्हणून जाणकार आचारी पाणी बेतानं घेतात. हा पदार्थ पाचेक मिनिटांत आळतो, तेव्हा फोटो आणि वाटावाटी यासाठी दुसरं काहीतरी मागवावं.

वेळेची चाचणी याच फेरीत जोडली. सुक्या रिगातोनीला (नळीसारखा पास्ता) शिजायला १२ मिनिटांच्या आसपास लागतात. ऑर्डर दिल्यावर पाच मिनिटांत ती टेबलावर आली, तर आधी अर्धवट उकडून ठेवलेली होती. ताज्या तोन्नारेल्लीला मात्र हा नियम लावू नये, त्या तीन-चार मिनिटांत होतात.

मेनूतल्या दोन खुणा सहज नजरेतून सुटतात. पदार्थाच्या नावापुढे तारका असली तर माल गोठवलेला आहे. सुप्ली (भाताचे तळलेले गोळे) किंवा कोळंबीपुढे एखादी असेल तर चालेल, पानभर असतील तर नको. दुसरी खूण माशाच्या दराची. ‘एत्तो’ म्हणजे शंभर ग्रॅम. एत्तोला ७ युरो लिहिलेला चारशे ग्रॅमचा मासा २८ युरोंना पडतो, म्हणून वजन करून दाखवायला सांगावं.

हंगामही बघावा. पुंतारेल्ले ही हिवाळ्यातली भाजी, रोमचे आर्टिचोक मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिलमधले. ऑगस्टमध्ये ‘ताजे’ कार्चोफी आल्ला जुदिया, म्हणजे ज्यू पद्धतीनं तळलेले आर्टिचोक दिसले तर शंका घ्यावी.

आता घड्याळ. निवांतपणाच्या बाबतीत आम्ही याला मेनूपेक्षाही वर ठेवतो. गर्दीच्या त्रात्तोरियात रात्रीच्या दोन पंगती असतात: एक साडेसातच्या सुमाराची, दुसरी साडेनवाच्या. पहिलीत बसलात की नऊनंतर टेबल मोकळं करण्याची घाई सुरू होते, मग ताट कितीही चांगलं असो. आरक्षण करताना ‘सेकोंदो तुर्नो’ मागावा. दोघांसाठी एवढंच पुरतं: ‘दुए पेर्सोने, आल्ले नोवे ए मेद्झो’. दुसऱ्या पंगतीत कोणी उठवत नाही आणि बिलही आपण ‘इल कोंतो’ म्हटल्याशिवाय येत नाही. लहान मुलं किंवा ज्येष्ठ सोबत असतील तर दुपारी एकला जावं, रात्रीच्या पहिल्या पंगतीला नाही. दुपारी चार वाजताही पूर्ण स्वयंपाक चालू असेल, किंवा दारात बुत्तादेंत्रो, म्हणजे गिऱ्हाइकांना आत ओढणारा माणूस उभा असेल, तर ती जागा आमच्या यादीत येत नाही.

शाकाहारी मंडळींसाठी वेगळा स्तंभ केला आहे, कारण भारतातून येणारे मराठी वाचक याबद्दल वारंवार विचारतात. पहिली गोष्ट चीजची. पेकोरिनो रोमानो कोकराच्या रेनेटनं (जठरातलं दूध विरजणारं द्रव्य) विरजतात आणि पार्मिज्जानो रेज्जानोला वासराचं रेनेट नियमानंच लागतं. काचो ए पेपेत मांसाचा तुकडा नसला तरी काटेकोर शाकाहारी माणसाला ती चालणार नाही. दुसरी अँचोवीची, म्हणजे खारवलेल्या छोट्या माशाची: पुंतारेल्लेच्या चटणीत, भोपळ्याच्या तळलेल्या फुलांत आणि पुत्तानेस्का पास्त्यात ती ठरलेलीच. सुप्लीत पारंपरिक पद्धतीनं खिमा असतो. राहतात ते पदार्थ असे: मारिनारा पिझ्झा, पेकोरिनोशिवाय मागितलेला आर्राब्याता पास्ता, लसूण-मिरचीत परतलेली चिकोरिया ही पालेभाजी आणि हंगामात कार्चोफी आल्ला जुदिया. सुका पास्ता सहसा फक्त रव्याचा असतो, ताज्यात बहुधा अंडं असतं.

युरोपीय नियमांप्रमाणे १४ अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावीच लागते आणि बहुतेक मेनूंत ती आकड्यांनी दिलेली असते. नेहमीच्या क्रमात ३ म्हणजे अंडं, ४ म्हणजे मासे, ७ म्हणजे दूध. भाजीपुढे ४ दिसला की अँचोवी आलीच. क्रम बदललेला असू शकतो, म्हणून तळटीप वाचून घ्यावी. मांस या यादीत नसतं, तेव्हा ग्वांचालेबद्दल तोंडानंच विचारायला हवं.

बिलाबद्दल थोडक्यात. रोम ज्यात येतं त्या लात्सियो प्रांतात २००६ च्या कायद्यानं कोपेर्तो, म्हणजे नुसतं टेबलावर बसण्याची आकारणी, बंद आहे. त्याऐवजी ‘पाने’ म्हणून पावाचे माणशी दीड ते तीन युरो लावतात. पाव नको असेल तर तो येताच परत पाठवावा, खाल्ल्यावर वाद घालू नये. ‘सेर्वित्सियो’चे, म्हणजे सेवेचे टक्के मेनूवर छापलेले असतील तर वेगळी टिप देऊ नये. वाइन घरची, अर्ध्या लिटरच्या सुरईत मागवावी.

सध्या यादीत वर असलेल्या जागा तेस्ताच्चोतल्या आहेत. तिथला कत्तलखाना १९७५ मध्ये बंद झाला, पण शेपूट, आतडी, काळीज यांचा स्वयंपाक त्या वस्तीत टिकून आहे. १९३६ पासूनचं फेलिचे काचो ए पेपे टेबलाशी आणून तुमच्यासमोर कालवतं, म्हणून चीज-पाण्याचं गणित डोळ्यांनी पाहायचं असेल तर तिथे जावं. खर्च मात्र आमच्या मर्यादेच्या वरच्या टोकाला जातो. फ्लाव्यो अल वेलावेवोदेत्तो रोमन काळातल्या फुटक्या रांजणांच्या टेकडीला लागून आहे आणि आतल्या काचेतून त्या खापरांचे थर दिसतात. पिझ्झ्यासाठी दा रेमो. रोमचा पिझ्झा नेपल्सच्या पिझ्झ्याहून पातळ आणि कुरकुरीत असतो. नेपल्सचा ४३० अंशांपुढे ६० ते ९० सेकंदांत भाजतात, इथला कमी आचेवर जास्त वेळ. कडा मऊ आणि फुगीर आली तर तो रोमचा नाही. १९६१ चं आर्मांदो अल पांथेऑन उत्तम आहे, पण तिथे बरंच आधी आरक्षण लागतं, म्हणून आयत्या वेळच्या बेतांसाठीच्या या यादीत ते नाही.

पुढच्या फेरीत गार्बातेल्ला आणि पिन्येतो. दोन्ही वस्त्यांची तपासणी सप्टेंबरनंतरच करायची, कारण १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तोच्या सुट्टीच्या आगेमागे निम्म्या दारांवर ‘किउसो पेर फेरिये’ची, म्हणजे ‘सुट्टीसाठी बंद’ची पाटी असते. ज्यांच्याकडे तिथल्या गुरुवारच्या न्योक्कीची (बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे) नोंद असेल त्यांनी वार, वेळ आणि बिलातला पावाचा आकडा तेवढा जोडावा.