पंचगंगेचा आलेख: स्वल्पविरामानं खाल्लेले दोन रविवार

कोल्हापूरच्या पाणीपातळीचं वेबपान आता बऱ्यापैकी उभं राहिलंय. वर राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी, खाली राधानगरी धरणाचा साठा. सगळं डी-थ्री या आलेख काढायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत. रेषा आणि रंग एका संध्याकाळी उरकले. आकड्यांनी मात्र घाम काढला.

राधानगरीची क्षमता ८.३६ टीएमसी, म्हणजे ८३६ कोटी घनफूट. साठा मी घनफुटांत ठेवलाय. डी-थ्री मुळात अमेरिकी पद्धतीनं तीन-तीनचे गट पाडतं. आकडा आटोपशीर दिसावा म्हणून मोठे आकडे अक्षर जोडून आखूड करणारा 'एस' फॉरमॅट लावला, तर अक्षावर '८.३६जी' उमटलं, जी म्हणजे गिगा. धरणात पाणी नाही, डेटा पॅक भरलाय जणू.

मग फॉरमॅटलोकेलकडे वळलो. कुठल्या देशाच्या पद्धतीनं आकडे लिहायचे, म्हणजे लोकेल, ते याला सांगता येतं. दशांशचिन्ह, स्वल्पविराम, चलन आणि ग्रुपिंगची यादी द्यायची. आपल्याकडं आधी तीन, मग दोन-दोन. म्हणून यादीत 'तीन, दोन' एवढंच टाकलं. १२,३४,५६७ झकास आलं. साठा मात्र ८३,६००,००,००० असा! डेटाच बिघडला म्हणून कितीतरी वेळ शून्यं मोजत बसलो. गोम अशी की यादी संपली की डी-थ्री शेवटच्या दोनावर थांबत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं: तीन, दोन, तीन, दोन. म्हणून तीननंतर दोनांची लांबलचक रांगच लावायची. लायब्ररीसोबत येणाऱ्या भारतीय लोकेलच्या फाइलीत तेच केलंय. आधी उघडून बघायची बुद्धी झाली नाही. आता ८,३६,००,००,०००.

तरी अक्ष जुनेच आकडे दाखवत राहिला. फॉरमॅटलोकेल नुसता नवा लोकेल हातात देतं. तो अक्षावरच्या आकड्यांच्या टिकफॉरमॅटमध्ये स्वतः लावा, नाहीतर तोच सगळीकडं लागू करणारं फॉरमॅटडीफॉल्टलोकेल वापरा.

लोकेलच्या न्यूमरल्समध्ये, म्हणजे अंकांच्या यादीत, ० ते ९ देवनागरीत दिले आणि आलेख एकदम आपला वाटायला लागला. पण टूलटिप, म्हणजे बिंदूवर गेलं की उघडणारी चौकट, लेबलमधला मजकूर वाचून परत संख्या करत होती. मजकुराची संख्या करणाऱ्या पार्सफ्लोटला '४३' कळेना, सगळीकडं नॅन, म्हणजे 'ही संख्याच नाही'. चूक माझीच. संख्या डेटातूनच घ्यायची, लेबल फक्त डोळ्यांसाठी.

पातळीला लोकेलचा उपयोगच नाही. इथं ४२.५ कुणी म्हणत नाही, ४२ फूट ६ इंच म्हणतात. ३९ फुटांची इशारा रेषा, ४३ ची धोका रेषा. त्यामुळं इंचाइंचाकडं लक्ष. मी पूर्णांक वेगळा काढला, उरलेल्याला १२ नं गुणून राउंड केलं. ४२.९८ ला पडद्यावर '४२ फूट १२ इंच'. आबांनी चष्मा वर करून बघितलं: "आरं, बारा इंच झालं की फूट होतोय न्हवं?" नेमकी धोक्याच्या रेषेवरच गफलत! आता आधी सगळ्याचे इंच करून राउंड, मग १२ नं भागाकार.

राहिलंय ते मोबाइलचं. कोटींची लांब लेबलं डाव्या कडेला कापली जातात. बहुतेक अक्षावर टीएमसीच ठेवीन, पूर्ण आकडा टूलटिपमध्ये.