कात्री लावण्याआधी : आमची वाटचाल

जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरमध्ये आम्ही दोघी जावा मिळून बायकांच्या टॉपचे आणि कुर्त्यांचे कागदी पॅटर्न, म्हणजे कापड कापायचे साचे, तयार करतो, आणि त्यासाठी लागणारं कापड विकतो. तयार कपडे ठेवत नाही, शिवूनही देत नाही. पहिल्यांदा दुकानात आलेली बाई गोंधळते. "मग ताई, शिवणार कोण?" असं विचारते. आमचं उत्तर ठरलेलं आहे : "तुम्हीच."

आमच्याकडे घरोघरी शिलाई मशीन दिसतं. कुणाला आंदणात मिळालेलं, कुणी बचत गटाच्या कर्जातून घेतलेलं, कुणी सासूबाईंच्या पायमशीनला मोटर बसवून चालतं केलेलं. त्यावर अभ्रे होतात, पिशव्या होतात, परकर होतात, गोधडीचे काठ बसतात. सरळ शिलाई बायकांच्या हातात बसलेली आहे. काम अडतं ते कापण्यापाशी. पारोळ्याकडच्या एक मावशी फार नेमकं बोलून गेल्या : "शिवानं काय, शिवी लेसू. कात्री लावानं म्हनजे मना जीव धडधडस." चांगल्या प्रिंटचं कापड पलंगावर पसरलेलं असतं, खडू हातात असतो, आणि मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात त्या कडेचा, गोल कुठून वळवायचा हे कळत नाही. मग कापड घडी होऊन परत कपाटात जातं. आमचा सगळा धंदा त्या कपाटातल्या कापडासाठी उभा राहिला आहे.

मी आधी शिवणक्लास चालवायचे. क्लासमध्ये पेपर कटिंग शिकवण्याची जुनी रीत आहे : छातीचं माप घ्यायचं आणि त्याचा चौथा भाग, सहावा भाग, आठवा भाग करत मुंढा, गळा, शोल्डर सगळं त्याच्यातून काढायचं. मधल्या अंगाच्या मुलीला ही रीत बरी चालते. पण छाती ३४ वरून ४२ वर गेली म्हणून खांद्याची हाडं त्या हिशेबात रुंदावत नाहीत. बाळंतपणानंतर, चाळिशीनंतर अंग भरतं ते छातीला, पोटाला, दंडाला. खांदा जवळपास तिथेच राहतो. म्हणून भरलेल्या अंगाच्या बाईचा टॉप खांद्यावरून घसरतो, गळा पुढे पडतो, आणि दंडात मात्र बाही घट्ट होते. बायकांना वाटतं की आपलंच अंग बेढब. मला याचा मनापासून राग येतो. अंग जसं असायचं तसंच असतं, सूत्र अपुरं असतं.

म्हणून आम्ही मापं गोळा करायला घेतली. क्लासच्या मुली, त्यांच्या आया, माहेरच्या-सासरच्या नात्यातल्या बायका, भिशीतल्या मैत्रिणी. छातीचं एकच माप घेऊन थांबायचं नाही, असं ठरवलं. टेप काखेतून वरच्या बाजूने फिरवून वरची छाती, मग पूर्ण छाती, शोल्डर, दंडघेर, खांद्यापासून टक्सच्या (छातीला आकार देणाऱ्या निमुळत्या चुणीच्या) टोकापर्यंतची उंची. वही भरत गेली तसं एक स्पष्ट दिसायला लागलं : साईज निवडायचा तो वरच्या छातीवर. खांदा आणि गळा त्या मापाशी जुळतात. वरच्या आणि पूर्ण छातीत साधारण दोन इंचांचा फरक असेल तर नेहमीचा टक्स पुरतो. फरक त्याहून जास्त असेल तर अख्खा टॉप मोठा करायचा नाही, फक्त पुढच्या भागात टक्स खोल घ्यायचा आणि तिथली रुंदी वाढवायची. आमच्या प्रत्येक पाकिटात म्हणूनच पुढच्या भागाचे दोन कागद असतात. मागचा भाग एकच.

असे साईजवार कागदी पॅटर्न काही आम्ही शोधले नाहीत. अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ मध्ये ते विकायला सुरुवात केली होती. जर्मनीतल्या बुर्डा मासिकातून असे पॅटर्न गेली सत्तर वर्षं घरोघरी जातात. आपल्याकडे कमी पडलं ते इथल्या अंगाचं माप आणि मराठीतल्या सूचना.

सूचनांवर आमची बरीच ताकद खर्च झाली, आणि ती झाली याचं समाधान आहे. "येथे माया एक इंच सोडा, मुंढ्याला अर्धा इंच" (माया म्हणजे शिलाईसाठी सोडलेलं जादा कापड) हे वाक्य कागदावर नेमक्या त्या कडेलाच छापलेलं असलं पाहिजे. वेगळ्या पानावर असेल तर कात्री हातात असताना कोण वाचतं? उभ्या धाग्याचा बाण, घडीची रेघ, बाही जोडताना जुळवायच्या खाचा, हे सगळं कागदावरच आहे. पुढच्या मुंढ्याला एक खाच, मागच्याला दोन. तेवढं पाहिलं की बाही उलटी लागत नाही.

छपाईसाठी मार्ग सापडला तो जळगावात. घरांचे नकाशे छापणाऱ्या दुकानात ए-झीरो आकाराचा कागद निघतो, ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. त्यात पूर्ण लांबीच्या कुर्त्याचा पुढचा अर्धा भाग आरामात बसतो. छापून आलेल्या प्रत्येक गठ्ठ्यातला एक कागद जाऊबाई स्वतः पट्टीने मोजते. कोपऱ्यात दहा सेंटिमीटरचा चौकोन छापलेला असतो, तो दहाच भरला पाहिजे. ज्या मोबाईलवर फाईल घेऊन गावातच ए-फोर कागदावर छापतात आणि चिकटवतात, त्यांनाही पहिलं काम हेच सांगतो. छपाई करणाऱ्याने "पानात बसवा" हा पर्याय दाबला की सगळा टॉप एका साईजने लहान होऊ शकतो.

मुंढ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे सर्वांत जास्त बोलणं त्याच्यावरच होतं. एक शिक्षिका यायच्या. फळ्यावर लिहायला हात वर केला की टॉप कमरेपासून वर चढतो, हे त्यांचं दुखणं होतं. शिंप्याकडे प्रत्येक वेळी त्या मुंढा आणखी सैल करून घ्यायच्या. आम्ही त्यांचा मुंढा उलट वर घेतला. त्यांना पटेना. पण मुंढा जितका खोल, तितकी बाही धडाला खाली जोडली जाते, आणि हात उचलला की ती बाजूची सगळी शिलाई घेऊनच वर जाते. मुंढा काखेजवळ असला आणि बाहीचा वरचा गोल थोडा बसका ठेवला, तर हात मोकळा फिरतो आणि टॉप जागेवर राहतो. बसक्या गोलाने हात खाली सोडल्यावर काखेजवळ एखादी चुणी पडते. ती पडू द्यावी. रोज काम करणाऱ्या हाताला मोकळीक हवी. स्कूटी चालवणाऱ्या मुली, भाकरी थापणाऱ्या बायका, कापूस वेचायला जाणाऱ्या बायका या सगळ्यांसाठी आम्ही हाच मुंढा ठेवला आहे, आणि आमच्या पॅटर्नमधली सर्वांत मोलाची गोष्ट मी यालाच मानते.

आता कापड. आमचे सासरे इथल्या प्रताप मिल या कापड गिरणीत कामाला होते, त्यामुळे घरात कापड हातात घेऊन पाहायची रीत आहे. ते अजूनही भिंग लावून एका इंचातले धागे मोजतात. साठ-साठ कॅम्ब्रिक म्हणजे उभं-आडवं दोन्ही सूत साठ नंबरचं, आणि नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक, हे त्यांनी आम्हा दोघींना शिकवलं. खान्देशात कापूस पिकतो, जिनिंगमधून रुईच्या गाठी बाहेर जातात, आणि अंगावर घालायचं कापड आम्ही बाहेरून आणतो. सुरत तापी लाईनवर असल्यामुळे अमळनेरहून सरळ गाडीने जाता येतं. तिथून रेयॉन आणि जॉर्जेट येतं. सुती प्रिंट जयपूरकडचं : सांगानेरची पांढऱ्या जमिनीवरची बारीक फुलं, बगरूचं चिखलाच्या थराने रंग अडवून केलेलं डाबू. कच्छच्या अजरखपूरहून अजरख हे ठशांचं छापील कापड येतं. ते गावच २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या कारागिरांनी वसवलं. खण बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून मागवतो. त्याचा पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, कमी, म्हणून पूर्ण टॉप न करता योक (खांद्याखालचा वरचा तुकडा) आणि बाहीच्या पट्टीला तो वापरायचा, खाली साधं सुती. हा मेळ इथे फार आवडतो.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो तिथे सुती कापडाचा आग्रह धरायलाच हवा, असं आमचं मत आहे. रेयॉन अंगावर सुंदर पडतं, पण ओलं असताना त्याची ताकद बरीच कमी होते. त्याला धोपटू नये, जोराने पिळू नये. हे आम्ही बिलासोबत तोंडी सांगतोच सांगतो. घेराचा टॉप रेयॉनचा असेल तर खालची पट्टी दुमडण्याआधी तो रात्रभर टांगून ठेवायचा. तिरका भाग आपोआप ओघळतो, मग कडा सारखी कापायची.

आणि कुठलंही सुती कापड कापण्याआधी पाण्यातून काढायचं. चांगलं कॅम्ब्रिकही पहिल्या धुण्यात शेकडा ३ ते ५ आटतं, म्हणजे चाळीस इंचांच्या कुर्त्यात सव्वा ते दोन इंच. बायका म्हणतात, नव्या कापडाची कडक इस्त्री जाईल. जाऊ दे. शिवल्यानंतर आटलेला टॉप धाकट्या बहिणीला द्यावा लागतो.

एका व्यापाऱ्याकडून आलेल्या ताक्यांत (कापडाच्या गुंडाळ्यांत) ४४ इंच सांगितलेला पन्ना ४२ भरला होता, आणि मीटरही कमी होते. पैसे परत मिळाले नाहीत. ज्या मापाचा पॅटर्न ४४ वर बसवला, तो ४२ वर बसत नाही, बाही कापायला जागाच उरत नाही. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक ताका उघडून, तुकडा धुऊन, मग पन्ना लिहिला जातो, आणि पॅटर्नच्या पाकिटावर दोन्ही पन्न्यांसाठी किती कापड लागेल ते छापलेलं असतं. बाह्यांसकट नेहमीच्या लांबीच्या कुर्त्याला सव्वादोन मीटर, आखूड टॉपला दीड ते पावणेदोन. फुलं एकाच दिशेने उभी असतील तर पाव मीटर जास्त. भाग उलटसुलट लावून कापड वाचवलं तर पाठीवरची फुलं खाली डोकं करून लटकतात.

पाकिटात आम्ही एक सुईही ठेवतो. मलमलीला ११ नंबर, कॅम्ब्रिकला १४. घरच्या मशीनला बहुतेक वेळा १६ ची जाड सुई तशीच लावलेली असते, आणि मलमलीवर तिची भोकं दिसतात, शिलाई गोळा होते. बाई मशीनला दोष देते, सुई बदलली की तेच मशीन नीट शिवतं. दोन-चार रुपयांच्या या वस्तूने आम्हाला जितकी गिऱ्हाइकं जोडून दिली, तितकी दुसऱ्या कशाने नाही.

२०२० मध्ये गाड्या बंद, सुरतचा बाजार बंद, शिंप्यांची दुकानं बंद. घरात होतं तेच कापड आणि तेच मशीन. तेव्हा व्हॉट्सॲपवर पॅटर्न मागवणाऱ्या वाढल्या : चोपडा, शिरपूर, शहादा, पुढे पुणे-नाशिकला दिलेल्या आमच्याकडच्या लेकी. त्याच वर्षी उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी केली आणि क्लासची खोली सोडून बाजारात गाळा घेतला.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा बाहेरगावच्या बऱ्याच बायका गावात आल्या. त्यांतल्या काही चौकशी करत दुकानात पोचल्या. विदर्भातल्या एक काकू पॅटर्न उलगडून बराच वेळ पाहत राहिल्या, आणि मराठीत "मुंढा" छापलेलं पहिल्यांदा पाहिलं म्हणाल्या. त्यांनी त्यांच्या गटासाठी मागणी नोंदवली. ती अजून चालू आहे.

आमच्या कामातला सर्वांत आनंदाचा क्षण एकच, आणि तो वारंवार येतो. दुकानात बाई येते, काउंटरसमोर उभी राहते, काही मागत नाही. मग पदर किंवा ओढणी बाजूला करून टॉप दाखवते. "हाई मी शिवेल शे." आम्ही दोघी काउंटरबाहेर येतो. आधी खांदा पाहतो, मग मुंढा, मग आतली बाजू उलटून माया पाहतो. माया सारखी असली की जाऊबाई जोरात शाबासकी देते. गळ्याला तिरकी पट्टी नीट दाबून बसवली असेल तर मी फोटो काढून घेते, पुढच्या बाईला दाखवायला. बारा-तेरा वर्षांची मुलगी स्वतःसाठी शिवून आली, असंही झालं आहे, आणि त्या पाकिटाचे पैसे आम्ही परत दिले.

सध्या हातात दोन कामं आहेत. एक, ज्या बायकांना छापील सूचना वाचायला जड जातं त्यांच्यासाठी अहिराणीतून बोललेल्या सूचना. आवाज सासूबाईंचा आहे. त्या स्वतः शिवत सांगतात, म्हणून कुठे थांबायचं ते बरोबर येतं. पाकिटावरचा कोड मोबाईलने टिपला की आवाज सुरू होतो. दुसरं, पुढून बटणांचा टॉप, अंगावर पाजणाऱ्या आयांना चालेल असा, ३२ ते ५० साईजपर्यंत. त्याचा नमुना कॅम्ब्रिक, मलमल आणि रेयॉन अशा तिन्ही कापडांत शिवून वापरायला दिला आहे. मलमलीत बटणपट्टी लोळते, तिला आतून कॅनव्हास (ताठपणासाठीचं अस्तर) लावावं लागेल, एवढं आत्तापर्यंत कळलं. आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि माय-लेकी मशीनवर बसतात, तो आमचा वर्षातला सर्वांत गर्दीचा काळ. तोवर हा पॅटर्न दुकानात ठेवायचा आहे.