कॅशे खालच्या मजल्यावरही होता

सहा महिने बिनबोभाट चाललेलं काम नवा सर्व्हर आल्यावर बिघडलं, म्हणून मी तीन दिवस त्या सर्व्हरलाच शिव्या घातल्या. चूक माझ्याच स्क्रिप्टमध्ये होती.

आमच्याकडे केव्हीएम (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) असलेल्या एका सर्व्हरवर दोन व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, होत्या. दोघींना आयस्कझीवरची, म्हणजे नेटवर्कवरून मिळणारी, एकच डिस्क जोडलेली आणि तिच्यावर जीएफएस२ ही अनेक मशीननी एकत्र वापरायची फाइलसिस्टिम. लिनक्सची नेहमीची ईएक्सटी४ फाइलसिस्टिम अशी दोघींत वाटून देता येत नाही. प्रत्येक व्हीएम डिस्क आपल्या एकटीची समजते आणि फाइलसिस्टिमचा चुराडा होतो. जीएफएस२मध्ये डीएलएम हा लॉक मॅनेजर मध्ये बसतो. एकीला फाइलमध्ये लिहायचं असलं, की दुसरीने त्या फाइलची मेमरीत बदललेली पण अडकून राहिलेली पानं (डेटाचे तुकडे) आधी डिस्कवर उतरवायची, कॅशे (वाचलेला डेटा मेमरीत धरून ठेवायची जागा) रिकामा करायचा आणि मगच लॉक सोडायचं. हे मला तोंडपाठ होतं, म्हणूनच घोळ लवकर सापडला नाही.

शनिवारी दुसरी व्हीएम बंद करून नव्या सर्व्हरवर चालू केली. सोमवारी अकाउंट्समधून फोन: "अहो, सकाळी बदललेली शीट परत जुनीच कशी दिसतेय?"

दोन्हीकडे त्या फाइलचं एमडी५सम (मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) काढलं, आकडे वेगळे. दुसरीवर ड्रॉप कॅशेस करून तिचा कॅशे रिकामा केला, तरी जुनंच. डीडी या कॉपी करायच्या कमांडला कॅशे टाळणारा डायरेक्टचा फ्लॅग लावून थेट ब्लॉक वाचला, तोही जुना! इथे माझी मती गुंग झाली. कॅशे टाळून वाचतोय आणि तरी शिळं कसं मिळतंय? शेवटी वैतागून, फारसा विचार न करता, तीच ड्रॉप कॅशेसची कमांड नव्या सर्व्हरवर, म्हणजे होस्टवर मारली. मग व्हीएममध्येही कॅशे पुन्हा रिकामा करून एमडी५सम. आकडे जुळले.

मग व्हीएम चालू करायची माझी स्क्रिप्ट उघडली. व्हीएम चालवणाऱ्या क्यूएमू या प्रोग्रामच्या ड्राइव्हच्या ओळीत कॅशेबद्दल मी काहीच लिहिलं नव्हतं, आणि काही लिहिलं नाही तर क्यूएमू राइटबॅक धरतो, म्हणजे डिस्कची ये-जा होस्टच्या कॅशेतून करतो. म्हणजे व्हीएमच्या खाली होस्टचा आणखी एक पेज कॅशे. डीएलएम चालतो व्हीएमच्या आत. खालच्या मजल्यावर काय साठलंय हे त्याच्या गावीही नसतं. दोन्ही व्हीएम एकाच होस्टवर होत्या तोवर तो खालचा कॅशे दोघींचा सामायिक होता, म्हणून सगळं आपोआप जुळत होतं. होस्ट दोन झाले आणि प्रत्येकाने आपापली शिळी पानं जपून ठेवली.

उपाय एका शब्दाचा: कॅशे नन. मग क्यूएमू डिस्क ओ_डायरेक्टने, म्हणजे कॅशे टाळून, उघडतो आणि होस्टचा पेज कॅशे वाटेतून बाजूला होतो. वेग पडेल अशी धास्ती होती, पण व्हीएमचा स्वतःचा कॅशे शाबूत असतो. आमच्या कामात तरी फरक जाणवला नाही.

पण हा बदल मी रात्री करू म्हणून ठेवला आणि संध्याकाळी साडेपाचला जीएफएस२ने 'इनव्हॅलिड मेटाडेटा ब्लॉक' म्हणत विथड्रॉ केलं, म्हणजे पुढचं नुकसान टाळायला काम थांबवलं. शीट शिळी मिळत होती तशी मेटाडेटाचीही (फाइलसिस्टिमच्या स्वतःच्या नोंदींची) पानं शिळी मिळत होती, हे आधीच सुचायला हवं होतं. दोन्हीकडून अनमाउंट करून एफएससीके ही फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करायची कमांड चालवली. लॉस्ट अँड फाउंडमध्ये, म्हणजे बेवारस फाइलींच्या फोल्डरमध्ये, अकरा फाइली निघाल्या. नऊ ओळखू आल्या, दोन अजून तशाच पडून आहेत.